दातांच्या किडीवर वनस्पतींमधली रसायने नेमके काय करतात?

दात किडण्याची सुरुवातही एका वनस्पतिजन्य पदार्थानेच होते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. उसाच्या रसातून निघणारी साखर, म्हणजे सुक्रोज, हा तो पदार्थ. दातांवर सतत साचणाऱ्या पांढरट, बुळबुळीत थराला दंतवैद्य प्लाक म्हणतात. या थरात शेकडो प्रकारचे जीवाणू राहतात आणि त्यांपैकी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या जीवाणूचा दातांच्या किडीशी सर्वांत जवळचा संबंध मानला जातो. जे. किलियन क्लार्क या ब्रिटिश संशोधकाने १९२४ साली किडलेल्या दातांतून तो वेगळा करून त्याचे वर्णन केले. साखर मिळाली की हा जीवाणू दोन कामे करतो. साखर आंबवून तो लॅक्टिक आम्ल तयार करतो. शिवाय ग्लुकोसिलट्रान्सफरेज नावाच्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने साखरेतल्या ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या जोडून ग्लुकान नावाचा डिंकासारखा चिकट पदार्थ बनवतो, त्याच्या आधाराने स्वतः दाताला घट्ट धरून बसतो आणि इतर जीवाणूंनाही तिथे बस्तान बसवायला जागा करून देतो.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. प्लाकचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की हे खनिज विरघळू लागते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच सामू तिथपर्यंत घसरतो आणि लाळेमुळे तो पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. सामू वर आला की लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट पुन्हा एनॅमलमध्ये बसू लागतात. झीज आणि भरपाई यांचा हा व्यवहार दिवसभर चालू असतो. तासातासाला काहीतरी गोड तोंडात टाकत राहिले, की भरपाईला वेळच मिळत नाही. मग आधी दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो आणि दुर्लक्ष झाले तर पुढे खड्डा पडतो. पांढरा डाग मागे फिरू शकतो, पडलेला खड्डा मात्र आपोआप भरून येत नाही. वनस्पतींबद्दलचे पुढचे सगळे विवेचन या एका फरकावर उभे आहे, म्हणून तो सुरुवातीलाच नोंदवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांना आणि ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. त्यामुळे स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या झाडपाल्यात यावर काही उपाय आहे का, हा प्रश्न गांभीर्यानेच विचारायला हवा.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर “आहे” असेच आहे. फक्त त्यासोबत तीन गोष्टी विचाराव्या लागतात. ते रसायन किती मात्रेत आहे, तोंडात नेमक्या कोणत्या जागी पोहोचते आणि तिथे किती वेळ टिकते? या तिन्हींची उत्तरे जिथे मिळाली आहेत, तिथे वनस्पतीतल्या द्रव्यांनी दंतवैद्यकात पक्के स्थान मिळवले आहे. जिथे ती मिळालेली नाहीत, तिथे प्रयोगशाळेतले चांगले निष्कर्ष आणि टूथपेस्टच्या खोक्यावरची पानाफुलांची चित्रे, एवढेच हाती राहते.

तुरट रसाचे रसायन

दातवणासाठी कोणती झाडे वापरावीत याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत कडू झाडांत कडुनिंब, तुरट झाडांत खैर आणि तिखट झाडांत करंज श्रेष्ठ असे सांगितले आहे. यातल्या तुरट रसाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यामागचे रसायन आज बऱ्यापैकी उलगडले आहे.

बाभळीची कोवळी काडी चावली किंवा हिरड्याचा तुकडा जिभेवर ठेवला, की काही क्षणांत तोंड कोरडे पडते, गालांची आतली बाजू खरखरीत लागते आणि जीभ टाळूला ओढल्यासारखी होते. गोड किंवा आंबट चव जशी जिभेवरच्या चवीच्या कळ्यांना कळते, तसा हा अनुभव नसतो. तो मुख्यतः स्पर्शाचा असतो. बाभूळ, हिरडा, खैर, डाळिंबाची साल यांत टॅनिन नावाची द्रव्ये असतात. ती लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, त्यांचे पुंजके करतात आणि लाळेचा निसरडेपणा घालवतात. जे रसायन लाळेतल्या प्रथिनांना असे पकडते, ते जीवाणूंच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना आणि त्यांच्या विकरांनाही पकडू शकते. ग्लुकान बनवणारे विकर अशा रीतीने निकामी झाले तर जीवाणू जिवंत राहूनही दाताला नीट चिकटू शकत नाही. मला ही कल्पना जीवाणू मारण्याच्या कल्पनेपेक्षा अधिक आश्वासक वाटते, कारण तोंडातले सगळे जीवाणू शत्रू नसतात आणि सरसकट मारझोड केली तर उपयोगी जीवाणूही जातात.

टॅनिनचा दुसरा गुण आपल्या परिसरातल्या एका जुन्या व्यवसायाने कधीच ओळखला होता. कोल्हापुरी चपलेसाठी लागणारे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात मुरवून कमावले जाते. कच्चे कातडे कुजते, कमावलेले चामडे कुजत नाही. कारण कातड्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांना टॅनिन एकमेकांशी बांधून टाकते आणि ते धागे तोडणाऱ्या विकरांना तिथे शिरकाव मिळत नाही. आता दाताकडे पाहा. एनॅमलच्या आतला डेंटीनचा थर वजनाने सुमारे ७० टक्के खनिज असतो आणि साधारण २० टक्के सेंद्रिय पदार्थ, ज्यात मुख्य वाटा याच कोलॅजनचा असतो. आम्लाने खनिज निघून गेले की कोलॅजनचे धागे उघडे पडतात आणि विकरे त्यांचे तुकडे करतात. हे जाळे टिकले तर त्यावर खनिज पुन्हा बसू शकते. जाळेच तुटले तर खनिजाला धरायला आधार उरत नाही.

द्राक्षाच्या बियांतून मिळणारी प्रोॲन्थोसायनिडिन ही याच टॅनिन कुळातली द्रव्ये. अमेरिकेत आणि इतरत्र झालेल्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत असे दिसले, की ही द्रव्ये डेंटीनमधल्या कोलॅजनला मजबुती देतात, ते तोडणाऱ्या विकरांना रोखतात आणि मुळाच्या किडीवर खनिज पुन्हा बसायला मदत करतात. मुळाची कीड हा प्रामुख्याने वय झालेल्यांचा त्रास आहे. वयाबरोबर हिरड्या खाली सरकतात, दाताचे मूळ उघडे पडते, त्या भागावर एनॅमलचे कवच नसतेच आणि डेंटीन तर सामू सहाच्या वर असतानाच विरघळू लागते. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडत असेल तर ही कीड फार झपाट्याने वाढते. अशा माणसांसाठी कोलॅजन टिकवणारे द्रव्य खरोखर कामाचे ठरेल. नाशिक परिसरातल्या वायनरींमध्ये द्राक्षांचा रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यात या बिया ढिगाने असतात, त्यामुळे कच्च्या मालाचीही वाण नाही. अडचण अशी, की ही द्रव्ये दाताला तपकिरी रंग देतात आणि रुग्णांवरच्या मोठ्या, दीर्घकाळच्या चाचण्यांचे बळ त्यांना अजून मिळालेले नाही. आज घरी द्राक्षाच्या बिया वाटून दाताला लावण्यात काही अर्थ नाही.

चहा, ज्येष्ठमध आणि बर्चची साखर

खैराच्या काथात कॅटेचिन असते आणि चहाच्या पानातही त्याच कुळातली द्रव्ये असतात. हिरव्या चहातले मुख्य द्रव्य ईजीसीजी या नावाने ओळखले जाते. प्रयोगशाळेत ते ग्लुकान बनवणाऱ्या विकराला अडवते, म्युटन्सची आम्ल बनवण्याची क्षमता कमी करते आणि लाळेतल्या अमायलेज विकरालाही काहीसे मंदावते, म्हणजे पोळी-भातातल्या पिष्टाची साखर होण्याचा वेग कमी होतो. चहाच्या झाडात फ्लोराइडही साठते, त्यामुळे चहातून थोडे फ्लोराइड मिळते. हे सारे बिनसाखरेच्या चहाबद्दल खरे आहे. आपल्या घरांत होणारा चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो. दुधातली प्रथिने चहातल्या बऱ्याच टॅनिनांना आधीच पकडून ठेवतात आणि साखर जीवाणूंना खाद्य पुरवते. दिवसातून पाच-सहा वेळा असा अर्धा कप चहा घेणाऱ्याच्या दातांना कॅटेचिनचा आधार मिळत नाही, त्यांच्यावर आम्लाचा मारा मात्र तेवढ्या वेळा होतो. साखर सोडली तर चहा दातांच्या बाजूचा आहे, इतके म्हणता येते.

ज्येष्ठमधाची गोष्ट वेगळी आणि बोधप्रद आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वेनयुआन शी यांच्या गटाने चिनी ज्येष्ठमधाच्या मुळांतून ग्लायसिरायझॉल ए नावाचे द्रव्य वेगळे केले. ते म्युटन्सविरुद्ध प्रभावी ठरले आणि त्या मुळांचा अर्क घालून बिनसाखरेच्या लॉलीपॉप तयार करण्यात आल्या. लॉलीपॉप चोखताना अर्क बराच वेळ तोंडात फिरत राहतो, त्यामुळे वेळ टिकण्याचा प्रश्न इथे हुशारीने सोडवलेला दिसतो. छोट्या अभ्यासांत लाळेतल्या म्युटन्सची संख्या कमी झालेलीही आढळली. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लाळेतले जीवाणू कमी होणे आणि काही वर्षांनी दातांत कमी खड्डे दिसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय चिनी ज्येष्ठमध ही निराळी जात आहे. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात सहसा मिळणारा ज्येष्ठमध दुसऱ्या जातीचा असतो आणि नाव एक म्हणून रसायन एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. ज्येष्ठमधाचे सेवन रोज मोठ्या प्रमाणात केले तर त्यातल्या ग्लायसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते, हेही रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे.

वनस्पतीतल्या द्रव्यांपैकी रुग्णांवर सर्वाधिक तपासले गेलेले द्रव्य बहुधा झायलिटॉल हेच असावे. ही चवीला गोड असणारी शर्करा-अल्कोहोल आहे. फिनलंडमध्ये ती बर्च झाडाच्या लाकडापासून काढली जाई. आता मक्याच्या कणसांच्या बुरकुंड्यांपासूनही मोठ्या प्रमाणावर बनते. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्ये शाइनिन आणि काउको मॅकिनेन यांनी साखर, फ्रुक्टोज आणि झायलिटॉल यांची तुलना करणारे जे प्रयोग केले, त्यांत साखरेऐवजी झायलिटॉल घेणाऱ्यांच्या दातांत नवी कीड फारच कमी आढळली. म्युटन्स झायलिटॉल आत ओढून घेतो, त्यावर ऊर्जा खर्च करतो, पण त्यापासून आम्ल बनवू शकत नाही. मात्र यातही मात्रेचा प्रश्न येतोच. परिणामासाठी दिवसाला सुमारे ५ ते ६ ग्रॅम झायलिटॉल तीन किंवा अधिक वेळांत विभागून घ्यावे लागते आणि बाजारातल्या अनेक च्युइंगममध्ये त्याचे प्रमाण नाममात्र असते. २०१५ साली कॉक्रेन संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा फ्लोराइडसोबत १० टक्के झायलिटॉल असलेली टूथपेस्ट अडीच ते तीन वर्षे वापरणाऱ्या मुलांत नुसत्या फ्लोराइडच्या पेस्टपेक्षा १३ टक्के कमी कीड दिसली. तरीही हा पुरावा कमी दर्जाचा असल्याचे आढाव्यातच स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे सर्वाधिक अभ्यासलेल्या द्रव्याची ही अवस्था आहे. बाकीच्यांबद्दल बोलताना आवाज किती चढवायचा हे यावरून ठरवावे. (घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचे च्युइंगम त्याच्या तोंडी लागू देऊ नये, कुत्र्यांसाठी ते विषारी असते.)

दातवणाचे श्रेय कोणाला?

कडुनिंबाच्या काडीचा अर्क म्युटन्सला पृष्ठभागावर चिकटण्यापासून रोखतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पीलू या झाडाच्या मुळांपासून आणि फांद्यांपासून बनणाऱ्या मिसवाक या दातवणाबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये अनुकूल मत दिले होते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये मिसवाकमधले बेन्झिल आयसोथायोसायनेट हे तिखट द्रव्य जीवाणूंना मारते असे दाखवले. मोहरीच्या झणक्याशी नाते सांगणारे हे द्रव्य हिरड्यांच्या आजाराशी निगडित असलेल्या जीवाणूंवर जोरदार चालते. किडीला कारण होणाऱ्या म्युटन्सवर त्याचा प्रभाव तेवढा नाही. “जंतुनाशक” असा एकच शिक्का मारून मोकळे झाले की असे तपशील हरवतात.

दातवणाचा फायदा मोजताना आणखी एक गुंता आहे. काडी चावून कुंचा करायला आणि मग दात घासायला माणूस सहज दहा मिनिटे घेतो. त्या वेळात धाग्यांनी प्लाक खरवडला जातो, चावण्याने भरपूर लाळ सुटते आणि लाळेतले बायकार्बोनेट आम्ल शमवते. यात झाडातल्या रसायनाचा वाटा किती, घासण्याचा किती आणि लाळेचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. नीट घासणाऱ्याचे पुढचे दात दातवणाने स्वच्छ राहतात याविषयी शंका नाही. मात्र दाढांच्या मागच्या बाजूला आणि दोन दातांच्या फटीत काडीचा कुंचा पोहोचत नाही आणि मुलांची कीड बहुतेक वेळा दाढांच्या चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खाचांत आणि दातांच्या फटींत सुरू होते. त्रिफळ्याच्या काढ्याने चूळ भरण्याचे प्रयोग भारतात शाळकरी मुलांवरही झाले आहेत आणि प्लाक कमी झाल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. उपाय स्वस्त असल्यामुळे त्यावर अधिक काटेकोर चाचण्या व्हायला हव्यात, असे मनापासून वाटते.

परीक्षानळीत चांगले दिसणारे द्रव्य तोंडात का फसते, याची कारणेही समजून घ्यावीत. परीक्षानळीत सुटे तरंगणारे जीवाणू असतात आणि अर्क त्यांच्यासोबत चोवीस तास राहतो. तोंडात जीवाणू ग्लुकानच्या जाळ्यात थरांवर थर रचून बसलेले असतात आणि अशा वसाहतीतले जीवाणू सुट्या जीवाणूंपेक्षा कित्येक पटींनी चिवट असतात. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तोंडातून वाहत असते. दोन मिनिटांच्या घासण्यात पोहोचलेले द्रव्य ती थोड्याच वेळात धुऊन नेते. हळदीतले कर्क्युमिन हे याचे उदाहरण आहे. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे नुसती हळद दाताला चोळून ते प्लाकच्या आत फारसे उतरत नाही. संशोधकांनी मग त्याचा वेगळा गुण हेरला: कर्क्युमिन निळा प्रकाश शोषते आणि त्यातून ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रेणू निर्माण होऊन आसपासचे जीवाणू मरतात. दातात सिमेंट भरताना वापरतात तसा निळा दिवा लावून किडलेली पोकळी निर्जंतुक करण्याचे प्रयोग चालू आहेत.

दंतवैद्याच्या खुर्चीवर

आता ज्या दोन द्रव्यांनी दवाखान्यात जागा मिळवली, त्यांच्याकडे वळू. पहिले लवंगेतले युजेनॉल. लवंगेच्या तेलाचा साधारण ७० ते ९० टक्के भाग युजेनॉल असतो. ते मज्जातंतूंचे संदेश मंदावते, म्हणून दुखरी दाढ काही वेळ शांत होते. एकोणिसाव्या शतकापासून दंतवैद्य युजेनॉल आणि झिंक ऑक्साइडची पूड मिसळून तात्पुरते सिमेंट बनवत आले आहेत. दोन्ही मिसळताच घट्ट होत जाणारी लगदी तयार होते आणि दवाखान्यात शिरल्याबरोबर येणारा लवंगेचा वास बऱ्याचदा तिचाच असतो. या सिमेंटमधून युजेनॉल अगदी हळूहळू सुटते आणि डेंटीनमधून झिरपत दाताच्या मज्जेपर्यंत, म्हणजे आतल्या नसांच्या मऊ गाभ्यापर्यंत, फारच थोडे पोहोचते. तेवढ्या मात्रेत ते मज्जेला शांत करते. हेच युजेनॉल थेट मज्जेवर पडले तर तिथल्या पेशी मरतात. एकच रसायन दोन-अडीच सेंटीमीटरच्या दातात, जागेप्रमाणे औषधही ठरते आणि विषही. युजेनॉल दाताच्या रंगाच्या रेझिन सिमेंटला नीट कडक होऊ देत नाही, म्हणून असे सिमेंट भरायचे असेल तेव्हा दंतवैद्य युजेनॉल टाळतात. दवाखान्यात जाण्यापूर्वी दाढेत लवंगेचे तेल घातले असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

दुसरे द्रव्य पपईच्या चिकातले. हिरव्या, न पिकलेल्या पपईवर उभ्या चिरा दिल्या की पांढरा चीक गळतो. तो गोळा करून वाळवला की त्यातून पपेन हे प्रथिने तोडणारे विकर मिळते. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात, ती याच विकरासाठी. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये पपेन असलेले पपाकॅरी नावाचे जेल तयार झाले. पुढे भारतातही पपेन आणि लवंगेचे तेल असलेले जेल बनले. सहा-सात वर्षांचे मूल ड्रिलचा आवाज ऐकूनच रडू लागते, तेव्हा दंतवैद्य हे जेल किडलेल्या खड्ड्यात सोडतात आणि अर्धा-एक मिनिट थांबतात. किडीने सडलेला भाग सुटू लागला की स्वच्छ जेल गढूळ होते. मग बोथट चमच्यासारख्या हत्याराने, न कापता, तो मऊ लगदा खरवडून काढतात आणि पुन्हा जेल घालतात. जेल गढूळ व्हायचे थांबले आणि खाली टणक डेंटीन लागले की काम झाले. त्यानंतर ग्लास आयनोमर सिमेंटने खड्डा बुजवतात. बऱ्याच मुलांना इंजेक्शनची गरजही पडत नाही. निरोगी भागाला पपेन का खात नाही, याचे स्पष्टीकरण असे दिले जाते, की निरोगी ऊतींमध्ये पपेनसारख्या विकरांना अडवणारे एक प्रथिन असते, सडलेल्या भागात ते उरलेले नसते. या पद्धतीला ड्रिलपेक्षा जास्त वेळ लागतो आणि खूप खोल किडीला ती पुरत नाही. तरीही वीज नसलेल्या उपकेंद्रात किंवा आश्रमशाळेतल्या शिबिरात ती वापरता येते आणि मला तिचे खरे मोल तिथेच दिसते. इथेही पपेनने खड्डा बरा केलेला नसतो, तो सिमेंट भरण्याजोगा स्वच्छ केलेला असतो.

झाडाचे म्हणून निर्धोक नव्हे

तंबाखूही वनस्पतीच आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून, कुटून मिश्री केली जाते आणि अनेक घरांतल्या बायका दात साफ करायचे म्हणून ती दिवसातून अनेकदा हिरड्यांना लावतात. दाताचा ठणका मिश्रीने थांबतो असे वाटते, निकोटिनची सवय लागते आणि पुढे हिरड्यांचे आजार, तोंडाचा कर्करोग, गरोदरपणात बाळाचे वजन कमी भरणे असे तिचे परिणाम समोर येतात. केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजने आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजली जाणारी मिश्री त्या बंदीच्या कक्षेत येत नाही. ज्या घरात आजी मिश्री लावते, तिथे नातीच्या हातातही ती डबी फार लवकर जाते. हे थांबवणे कडुनिंबाच्या कोणत्याही अर्कापेक्षा अधिक दात आणि अधिक जीव वाचवेल. सुपारीचेही तसेच. तिच्यात टॅनिन भरपूर आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. राखुंडी आणि गेरू घातलेले लाल दंतमंजन यांचा दोष वेगळा; त्यांचे खरखरीत कण एनॅमल घासून टाकतात आणि एनॅमल पुन्हा तयार होत नाही.

मग रोजच्या वापरात काय करावे? फ्लोराइडच्या टूथपेस्टने मुलांच्या कायमच्या दातांची कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी होते, असे कॉक्रेनच्या २००३ च्या आढाव्यात दिसले आणि त्यामागे अनेक देशांतल्या मोठ्या चाचण्या आहेत. वनस्पतीतल्या एकाही द्रव्याकडे आज एवढे भक्कम पाठबळ नाही. त्यामुळे आयुर्वेदिक किंवा हर्बल म्हणून विकली जाणारी पेस्ट घेताना मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचून तिच्यात फ्लोराइड आहे का ते पाहावे; भारतात टूथपेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) आहे. फ्लोराइड असेल तर सोबतच्या कडुनिंबाला किंवा लवंगेला हरकत घेण्याचे काही कारण नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर त्याचे तपकिरी डाग दिसतात. तिथल्या लहान मुलांना कोणती पेस्ट द्यावी हे दंतवैद्याला विचारूनच ठरवावे. वनस्पतीतल्या द्रव्यांवरच्या संशोधनाची सर्वाधिक निकडही अशाच गावांना आहे. दातवण आवडत असेल तर सकाळी दातवण आणि रात्री झोपण्यापूर्वी ब्रशने फ्लोराइडची पेस्ट, असा मेळ घालता येतो. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये.

लवंगेच्या तेलाबाबत थोडे अधिक सांगायला हवे, कारण रात्री दाढ ठणकू लागली की बहुतेक घरांत हात आधी त्याच बाटलीकडे जातो. तेल शुद्ध स्वरूपात हिरडीला लावले तर हिरडी भाजते. खोबरेल तेलात पातळ करून, कापसाच्या बारीक बोळ्याने, फक्त किडलेल्या खड्ड्यात लावावे आणि बोळा काही मिनिटांत काढून टाकावा. लहान मुलांच्या हाती ती बाटली कधीही लागू देऊ नये. चुकून प्यायलेल्या लवंगेच्या तेलाने मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. आणि तेल लावून दुखणे थांबले, तरी दोन-तीन दिवसांच्या आत दंतवैद्याकडे जावेच. गरम-थंड लागून ठणकणारी दाढ आठवड्याभरात एकाएकी शांत झाली, तर बहुतेक वेळा आतली मज्जा मेलेली असते, संसर्ग मुळाच्या टोकाकडे उतरत असतो, आणि पुढचे लक्षण म्हणून थेट गालावर सूज किंवा हिरडीवर पुवाची पुळी दिसते. त्याआधी दाखवले तर साध्या सिमेंटवर किंवा रूट कॅनालवर भागते. त्यानंतर दात काढण्याची वेळ येऊ शकते.